बाईसाहेबचे खूर

११ एप्रिल

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे तुझ्या वाट्याला येणार नाही. थेट कामाचं लिहिते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळा शुकशुकाट. पत्राला निळी खूण नसते. तू वाचलंस की टोपलीत टाकलंस हे मला कळणार नाही, तेवढीच दोघांची सोय.

तुझी घोडी लंगडतेय. पुढचा डावा पाय. बाईसाहेबचे खूर इतके वाढलेत की कुणाच्या तरी मोठ्या चपला घालून चालल्यासारखी चालते. नालबंद दोनदा आला आणि दोन्ही वेळा खुराला हात न लावता परत गेला. दुसऱ्या वेळी तिने त्याची हत्यारांची पेटी लाथेने उडवली. तो म्हणाला, "ताई, गुडघे दोनच आहेत मला, आणि दोन्ही अजून कामाचे आहेत."

मग घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हातारीचं हृदय ठीक नाही, तेव्हा दर वेळी गुंगीचं इंजेक्शन देऊन खूर कापणं जमायचं नाही. तिने शुद्धीत, उभ्याने, आपणहून पाय दिला तरच. नाही दिला तर खूर वाढत राहणार आणि तिला उभं राहणंही नको होणार. "तशी वेळ आली तर थंडीच्या आधी तिला झोपवलेलं बरं," असं म्हणाल्या. झोपवायचं म्हणजे कायमचं, हे तुला समजावायला नको.

बाबांनी काय उपाय सांगितला असेल ते ओळख. वरच्या ओठाला दोरीचा फास, त्याला काठीने पीळ, आणि धरायला चार माणसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजवर तेच केलंत ना? मग आता ती का देईल पाय?" बाबा त्यांच्याशी बोलत नाहीत तेव्हापासून.

तबेल्यात आता ती एकटीच आहे. बाकीची घोडी विकली, रपेट शिकायला येणारी मुलंही गेली. बाबांचा खुबा बदलला (कळवलं होतं, निळ्या खुणा आल्या होत्या). त्यामुळे दाताच्या दवाखान्यातून घरी आलं की चंदी घालणं, लीद काढणं हे सगळं माझ्याकडे. मी, जी लहानपणी घोडा दिसला की पाण्याच्या टाकीमागे लपायची, ती. हस हवं तर.

विचारायचं एवढंच आहे. तुझ्या हातात ती मुकाट्याने पाय द्यायची, मी पाहिलंय. त्या वेळी तू तिला काय म्हणायचास? एका ओळीत कळव. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

छोटी


३ मे

दादा,

तुझा मेसेज मिळाला. "काही नाही म्हणायचो." तीन वर्षांत तीन शब्द, म्हणजे दर वर्षी एक पडला. असू दे. निदान हात चालतोय तुझा.

डॉक्टरीणबाई रविवारी गावाबाहेरच्या एका शेडमध्ये शिकवतात. घोड्यांची निगा, त्यांना हाताळणं, असं काहीतरी. नाव नोंदवायला गेले तेव्हा मी विचारलं, "आणि बसायला कधी शिकवणार?"

"कशावर? खुर्चीवर?" त्या म्हणाल्या. "इथे घोड्यावर कोणी बसत नाही. ते शिकायचं असेल तर तुमच्या वडिलांकडे जा."

पहिल्या रविवारी आम्ही नुसते उभे होतो. खोटं नाही सांगत, पगार देणारी नोकरी करणारी मोठी माणसं, हात खाली सोडून, एकेका घोड्याशेजारी उभी. कान कुठे वळतात ते बघायचं. नाकपुड्या बघायच्या. कुठल्या पायावर भार आहे ते बघायचं. आपला श्वास अडकलाय का ते बघायचं, कारण घोड्याला तो आपल्याआधी कळतो म्हणे. मला वाटलं, लोकांना गंडवायचा हा नवा प्रकार दिसतोय. मग माझ्याजवळच्या पांढऱ्या घोड्याने भली मोठी जांभई दिली, ओठ चाटले आणि मान खाली सोडली. बाई म्हणाल्या, "आता तो तुमच्याजवळ सैल झाला." घोडा जांभई देतो, दादा! आपण तबेल्याच्या दारात वाढलो, आणि मला हे माहीत नव्हतं. आपल्या घरात घोडा म्हणजे खोगिराखाली जे असतं ते.

पाय मागायची पद्धत अशी. समोरून जायचं नाही, मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूने जायचं. हात खांद्यावर ठेवायचा आणि न उचलता सावकाश खाली आणायचा. गुडघ्याखाली किंचित दाबायचं. तिने भार जरासा जरी दुसरीकडे नेला तरी हात लगेच काढून घ्यायचा. पाय उचलला नाही तरी चालेल, विचार केला एवढं पुरे. आणि प्रत्येक वेळी एकच चांगला शब्द, हळू आवाजात, म्हणजे तिला कळतं की बरोबर केलं. शब्द कुठलाही चालतो. मी आपला साधा घेतला, "शाब्बास." पांढऱ्याने दुसऱ्याच रविवारी माझ्या हातात असा पाय दिला की जणू आमची जुनी ओळख.

घरी बाईसाहेबपुढे मात्र डाळ शिजेना. खांद्यावर हात ठेवू देते, खरारा करू देते, पोटाखालीसुद्धा ब्रश चालतो. पाय द्यायच्या बेतात येते आणि ऐन वेळी झटकते. पण होईल. पुढचा मुहूर्त नालबंदाने सप्टेंबरचा दिलाय, आणि तो शेवटचा म्हणून बजावलंय.

अक्षर वाकडं आलंय कारण हात जरा सुजलाय. तबेल्याच्या दारात सापडला.

छोटी


१९ जून

दादा,

हात दारात सापडला नव्हता. तू ओळखलंच असशील. मोडलेला नाही, नुसता काळानिळा झाला होता, आता पिवळा आहे.

नीट लिहायचं तर हे जमत नाहीये. एप्रिलमध्ये ती निदान गुडघ्यापर्यंत हात जाऊ द्यायची. आता मी तिच्या कोपरापर्यंत पोचले तरी थरथरते. रोज करतेय, न चुकता, न ओरडता, अगदी हळुवारपणे, आणि रोज ती आणखी बिघडतेय. शेडमधली घोडी माझ्या हातात पाय देतात. बाई म्हणतात हात चांगला आहे तुमचा. मग घरी काय होतं?

बाबा तबेल्याच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून बसतात आणि समालोचन करतात. "आता अंगाई म्हण. उशी आणून देऊ का बाईसाहेबांना?" मी उत्तर देत नाही. कधीकधी देते.

ती लंगडी चालत कुंपणापर्यंत येते मला घ्यायला. पाय दुखत असताना येते. परवा तिने तोंड माझ्या खांद्यावर टेकलं आणि तशीच उभी राहिली. मला ही घोडी कधी आवडली नव्हती. ती तुझी होती, तुझे कप, तुझे फोटो, तुझं कौतुक, सगळं तिच्यामुळे. आणि परवा मी तिथेच, लिदीची पाटी हातात घेऊन, भोकाड पसरलं. मला ती जायला नको आहे. एवढंच आहे सध्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सप्टेंबरात नालबंदाला जमलं नाही तर त्याच दिवसाची तारीख मनात धरू ना?" मी हो म्हटलं.

छोटी


१० जुलै

दादा,

हे उभ्या उभ्या लिहितेय, दवाखान्यात पुढचा माणूस आत यायच्या आधी. सापडलं.

आज सकाळी एका गृहस्थांची दाढ काढायची होती. आमचे डॉक्टर अगदी मऊ माणूस. सुई हातात घेतली की ते प्रेमाने म्हणतात, "अजिबात दुखणार नाही हं." त्यांनी तसं म्हटलं आणि गृहस्थांनी खुर्चीचे हात असे आवळले की बोटं पांढरी पडली. सुई अजून ट्रेपाशीच होती. मी कितीतरी वर्षं त्या खुर्चीशेजारी उभी राहून हेच बघत आलेय. सुईच्या आधी ते वाक्य येतं, हे लोकांना पाठ झालंय. दचकायला सुई लागतच नाही.

हे डोक्यात येतंय तोवर माझ्या हातून कापसाची डबी पडली. डॉक्टर हसून म्हणाले, "अरे, शाब्बास!" आणि माझे खांदे थेट कानाला जाऊन भिडले.

आपल्या घरात तो शब्द कौतुकाला कधी वापरलाय, सांग बरं. दूध सांडलं, शाब्बास. गणितात गचकले, शाब्बास, दिवे लावलेत. आणि तबेल्यात तर क्रमच ठरलेला. घोडं अडलं की बाबांचं "शाब्बास!" आणि त्याच्यामागे चाबूक. आधी शब्द, मग फटका. तिने उमेदीची सगळी वर्षं हेच ऐकलं. आणि मी एप्रिलपासून तिच्या कानाशी जाऊन साखरेसारख्या आवाजात काय म्हणतेय? ती बिचारी धीर करून पाय उचलायला जाते आणि मी सांगते, आता फटका बसणार हं! ती झटकणार नाही तर काय करेल?

तू तिच्यावरून पडून, खांद्याजवळचं हाड मोडून मातीत होतास तेव्हाही बाबा कुंपणापाशी उभे राहून तेच म्हणाले. मी ऐकलं, तू ऐकलंस, तिनेही ऐकलं. एका शब्दापायी पोराने घर सोडलं, असं मावशी अजून सगळ्यांना सांगत फिरते. पुढच्या वेळी मी मावशीला घोडी दाखवणार आहे.

माणूस आत आला. नंतर लिहिते.

(संध्याकाळी.) करून बघितलं. तिच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच हळू आवाजात वाटेल ते बोलले. बादली. छत्री. बटाटा. कानही हलवला नाही तिने. मग म्हटलं, "शाब्बास." डोळ्यांतलं पांढरं दिसलं, मान वर, कातडी पोटापर्यंत थरथरली. माझं बोलणं तिला लागत नव्हतं, तो एकच शब्द लागत होता. मी तिची माफी मागितली. आपल्या घरात कुणीतरी मागायला हवीच होती.

यापुढे आमचा शब्द "बटाटा."

छोटी


१ ऑगस्ट

दादा,

बटाट्याने कमाल केली. बाकीचे तिन्ही पाय देते. दुखरा अजून देत नाही, पण थरथरतही नाही.

बाबांना सांगणं भाग होतं, कारण ते खुर्चीवर बसून दर पाच मिनिटांनी कुणाला ना कुणाला तो शब्द बहाल करतात. मला, मांजराला, हवामानाला. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तबेल्यात शाब्बास म्हणायचं नाही."

"का? तुझ्या बापाचा तबेला आहे का?"

"हो," मी म्हटलं, "माझ्या बापाचाच आहे."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. मग मी सगळं सांगितलं. दाढवाले गृहस्थसुद्धा. ते ऐकत होते आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. "मी कधी विनाकारण मारलं नाही जनावराला. अडलं तर मारलं. आणि शब्दाला कोण भितं? तुझा आवाजच तसला चिरका." मी म्हटलं, "तुम्ही म्हणून बघा."

ते उठले. काठी दाराला टेकवून ठेवली आणि आत गेले, तसेच, आधाराशिवाय. तिच्या खांद्याच्या बाजूने गेले. म्हणजे एवढे महिने खुर्चीवर बसून ते नुसती टिंगल करत नव्हते, बघतही होते. हात पुढे केला. आणि दादा, असा आवाज मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. इतक्या मायेने म्हणाले ते "शाब्बास" की मला वाटलं, आता माझाच अंदाज चुकणार.

ती मागे सरत भिंतीला जाऊन टेकली. तिथेच उभी राहिली, मान ताठ, छाती घामाने भिजलेली. बाबांचा हात तसाच पुढे होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी त्यांना काठी आणून दिली. ते घरात गेले. जेवताना समोरच्या ताटाकडे बघत बसले, मग म्हणाले, "मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं. त्यानंतर ते तबेल्याकडे फिरकलेले नाहीत. खुर्ची रिकामी असते. मला तिची सवय झाली होती, हे कबूल करायला नको वाटतं.

छोटी


५ सप्टेंबर

दादा,

काल नालबंद आला. सगळं लिहिते, मधलं काही गाळत नाही.

डॉक्टरीणबाईही आल्या. त्यांची बॅग गाडीच्या डिकीत होती. त्या बॅगेबद्दल बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही, पण गाडीकडे बघायचं आम्ही सगळेच टाळत होतो. ठरलं होतं तसंच होतं. चारही खूर झाले पाहिजेत. पुढचा डावा राहिला तर बाकीच्या तिघांना अर्थ नाही.

मी तिच्या तोंडावरच्या मोरखीला दोरी बांधत होते तेवढ्यात बाबा काठी टेकत आले. महिनाभरानंतर. म्हणाले, "दोरी मी धरतो. तू पायाशी राहा, तुझ्या हाताची सवय आहे तिला."

"ओढायची नाही," मी म्हटलं. "ढिली ठेवायची."

"कळतं मला."

"नाही कळत तुम्हाला."

"बरं, नाही कळत," बाबा म्हणाले. "सांग."

मी सांगितलं. लोंबती ठेवा, डोळ्यांत बघू नका, श्वास सोडत राहा. त्यांनी मान डोलावली, एखाद्या नव्या विद्यार्थ्यासारखी.

मागचे दोन्ही झाले. मी पाय मागायचा, तिने द्यायचा, मी नालबंदाच्या मांडीवर ठेवायचा, आणि म्हणायचं, "बटाटा." नालबंद कानस चालवता चालवता थांबला. "ताई, काय म्हणालात?" मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. पुढचा उजवाही झाला. त्या वेळी तिला दुखऱ्या पायावर भार द्यावा लागला, तोही तिने दिला.

मग डावा. मी हात खांद्यावरून खाली आणला, दाबलं, तिने उचलला. नालबंदाने चिमटा लावला आणि खुराचा पहिला तुकडा निघताना तिला कळ आली असावी. तिने पाय हिसकला, मान आभाळात फेकली. दोरी बाबांच्या मुठीतून सरकत गेली. नालबंद मागे उडी मारून उभा.

आणि मी बाबांचं तोंड उघडलेलं पाहिलं. "शा" एवढं आलंही बाहेर. उजवा हात वर गेला होता. चाबूक कुठे होता हातात? पण हात गेला. घोडीनेही ते पाहिलं.

त्यांनी तोंड मिटलं. हात खाली घेतला, सावकाश, तिला दिसेल असा. दोरीचं टोक सोडून दिलं, पार जमिनीला लागेपर्यंत. मग घसा खाकरून, कुणाकडेही न बघता, माझा बाप म्हणाला, "बटाटा."

कोणी हसलं नाही. ती उभी, ते उभे, आम्ही सगळे श्वास सोडत उभे. "बटाटा," ते परत म्हणाले, "बटाटा गं बाई." मग तिचे कान खाली आले. तिने ओठ चाटले. मान सोडली. मी हात खाली नेला आणि मला दाबावंही लागलं नाही, तिने पाय माझ्या हातात ठेवला आणि नालबंदाचं होईपर्यंत तसाच राहू दिला.

डॉक्टरीणबाईंनी तिला अंगणात चालवून बघितली. लंगडणं संपलेलं नाही, पण पाऊल सरळ पडतंय, पुढच्या वेळी आणखी बरं होईल म्हणाल्या. डिकी न उघडता गाडीत बसून गेल्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी तिथेच मातीत बसले.

बाबा लोखंडी खुर्चीवर येऊन बसले होते. बूट काढायला वाकले होते, एक निघाला, दुसरा तसाच. मला म्हणाले, "तो पडला तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

त्यांना आठवत नसेल असं मला वाटत नाही. पण विचारलं म्हणून मी सांगितलं.

"आणि तो?"

"काही नाही म्हणाला. उठला आणि घरात गेला."

ते दुसऱ्या बुटाची नाडी ओढत बसले. मी सोडवून द्यायला गेले तर हात झटकला माझा. मग म्हणाले, "त्याला लिहितेस ना तू?" मला वाटत होतं त्यांना माहीत नाही. "लिही त्याला." मी विचारलं, काय लिहू? त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा सोडून दिली. तिसऱ्यांदा म्हणाले, "थंडीत खांदा दुखतो का विचार."

मी म्हटलं, तुम्हीच लिहा की चार ओळी. तर म्हणाले, "माझं अक्षर दिसलं तर तो पाकीट फोडणार नाही."

म्हणून पाकिटावर अक्षर माझं आहे आणि प्रश्न त्यांचा. मला तू इथे हवा आहेस, हे मी लिहिणार नव्हते, लिहिलं गेलं, आता खोडत नाही. त्याचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण खांद्याचं कळव. हे पत्र अजून पेटीत पडलंही नाही, तरी ते आज सकाळपासून दारात जाऊन पोस्टमनची वाट बघतायत, आणि विचारलं तर म्हणतात, हवा खातोय.

छोटी